वर्षातून एक मोठं रक्तदान शिबिर की दर महिन्याला छोटं?

१ जुलैला रोटरी, लायन्ससारख्या सेवाभावी क्लबांचं नवं वर्ष सुरू होतं. त्याआधी मे-जूनमध्ये होणाऱ्या अध्यक्षांच्या घरी बैठक बसते आणि वर्षभराची कामं ठरतात. नेत्रतपासणी, झेडपीच्या शाळेला बाक, वैशाखात बोरी नदीच्या पात्रात सखाराम महाराजांची यात्रा भरते तेव्हाची पाणपोई, ही कामं आमच्या अमळनेरच्या क्लबात पाच मिनिटांत मंजूर होतात. चर्चा अडते ती रक्तदानावर. २६ जानेवारीला एकच मोठं शिबिर घ्यायचं की दर महिन्याला छोटं? पारोळ्याच्या एका मित्राकडे येत्या जुलैपासून त्यांच्या क्लबचं अध्यक्षपद येतंय, त्यानेही परवा फोनवर हेच विचारलं. मी दोन्ही करून पाहिलं आहे. सहा वर्षं मोठं शिबिर, आणि जुलै २०२४ पासून दर महिन्याचं. वय, वजन, हिमोग्लोबिन या गोष्टी क्लबात काम करणाऱ्यांना पाठ असतात, त्या इथे सांगत नाही.

मोठ्या शिबिराबद्दल मला मनापासून आदर आहे. त्या एका दिवशी अख्खा क्लब कामाला लागतो. एरवी बैठकीला न येणारा सदस्यही सकाळी साडेसहाला गाद्या आणि चादरी घेऊन हजर असतो. सदस्यांच्या घरच्या बायका नाश्त्याची बाजू सांभाळतात, कॉलेजची पोरं रांगेत उभी राहतात, आणि त्यातली निम्मी पहिल्यांदाच सुई टोचून घेत असतात. पहिल्यांदा रक्त देणारा माणूस मिळवायचा असेल तर गर्दीसारखं साधन नाही. शेजारचा मित्र हसत हसत उठून केळं खायला गेला हे पाहिलं की कुणालाही धीर येतो. रक्तपेढीचे लोकही खूश असतात, कारण एका फेरीत त्यांचं मोठं काम होतं. बातमी छापून येते, प्रांतपालांच्या, म्हणजे आमच्या भागातल्या सगळ्या क्लबांच्या प्रमुखांच्या, भेटीत आकडा सांगता येतो, आणि पुढच्या वर्षी देणगीदार शोधायला तो उपयोगी पडतो. याला मी कमी लेखत नाही. क्लब चालवायला पैसा लागतोच.

२०२४ च्या २६ जानेवारीला आमच्या २१७ पिशव्या झाल्या. पुढच्याच आठवड्यात गावात ९७वं साहित्य संमेलन होतं, सगळीकडे उत्साह होता, त्यामुळे माणसं आपणहून आली. तो आकडा आम्ही बॅनरवर लावला.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात एका रात्री साडेदहाला फोन आला. जवळच्या खेड्यातली एक बाई बाळंतपणासाठी धुळ्याला नेलेली, रक्तस्राव थांबत नव्हता, आणि गट बी निगेटिव्ह. मी दात्यांची वही काढली. आमच्या वहीत बी निगेटिव्हची सहा नावं होती. पहिल्याला लावला. तो झोपेतून उठला, नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, "भाऊ, तुमनाच शिबिरमा दिधं ना!" दुसराही तेच, तिसराही तेच, चौथाही. पाचवा कामासाठी सुरतेला. सहाव्याचा फोन बंद. पुरुषाला दोन रक्तदानांत ९० दिवस जाऊ द्यावे लागतात, आणि आमच्या शिबिराला जेमतेम दीड महिना झाला होता. एकाच दिवशी दिलं म्हणून सगळे एकाच वेळी बाद. आणि ज्या पिशव्या दिल्या होत्या त्याही उरल्या नव्हत्या. लाल पेशी ३५ दिवस टिकतात, विशेष द्रावण घातलेल्या पिशवीत ४२. तोवर त्या कुणाला लागून गेल्या असतील किंवा मुदत संपून टाकून दिल्या असतील.

पिशवी नाशिकहून पहाटे चारला आली. बाई वाचली, बाळही ठीक आहे. पण वहीतल्या त्या चार नावांसमोर मी पेन्सिलीने केलेल्या फुल्या अजून तशाच आहेत. रक्त द्यायला तयार असलेली माणसं आमच्याकडे होती, आणि आम्हीच त्यांना तीन महिन्यांसाठी एकदम अडकवून ठेवलं होतं. हीच एक गोष्ट मला सहन झाली नाही. बाकीचे फायदे-तोटे मी त्यानंतर मोजले, हे प्रामाणिकपणे सांगतो.

जुलैपासून आम्ही यादीतल्या १६० जणांचे चार गट केले. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी एका गटाला बोलवायचं, म्हणजे प्रत्येकाची पाळी चार महिन्यांनी. चाळीसपैकी पंचवीसेक येतात. कुणी लग्नाला गेलेला असतो, कुणाचं हिमोग्लोबिन साडेबाराच्या खाली निघतं, कुणाला नुकताच ताप येऊन गेलेला असतो. जागा कधी शाळेचा हॉल, कधी जिनिंगचं ऑफिस, कधी पतसंस्थेचा वरचा मजला. मंडप नाही, बॅनर एकच, त्यावर तारीख घातलेली नाही म्हणून तोच सगळीकडे चालतो.

छोट्या शिबिराचे त्रासही सांगितले पाहिजेत. पहिला त्रास रक्तपेढीचा. जळगाव किंवा धुळ्याहून गाडी, डॉक्टर आणि टेक्निशियन आणायचे तर ते किमान पंचवीस पिशव्यांची खात्री मागतात, आणि त्यांचंही चूक नाही. दुसरा त्रास क्लबातला. तिसऱ्या महिन्यात सदस्य कंटाळतात. फोटोत दर वेळी तेच चार चेहरे. दिवाळीत भाऊबीजेच्या दिवशी आलेलं शिबिर आम्हाला पुढे ढकलावं लागलं. हे काम सेक्रेटरीच्या खांद्यावर पडतं, आणि तो चिकाटीचा नसेल तर चार महिन्यांत सगळं बंद पडेल. आमच्याकडे तो शनिवारी संध्याकाळी स्वतः चाळीस फोन करतो. ग्रुपवर मेसेज टाकून कुणी येत नाही, फोनवर नाव घेऊन बोलावलं की येतात, असा आमचा अनुभव.

तारखांचं गणितही वाटतं तितकं सरळ नाही. यादी लांब नसेल तर तीन गट करायचा मोह होतो, पण एका महिन्याचा पहिला रविवार ते तीन महिन्यांनंतरचा पहिला रविवार यात कधी कधी ८४ दिवसच भरतात. चार गट केल्याने पुरुषांचा प्रश्न मिटला. महिलांना मात्र १२० दिवसांचं अंतर लागतं. आमच्या एका शिक्षिका बाईंनी २ फेब्रुवारी २०२५ ला रक्त दिलं होतं, पाळीप्रमाणे त्या १ जूनला आल्या. डॉक्टरांनी कार्ड पाहून दिवस मोजले, ११९ भरले. एका दिवसासाठी बाई परत गेल्या. डॉक्टरांनी योग्य तेच केलं, चूक आमच्या वेळापत्रकाची. त्या उन्हात त्या दोन किलोमीटर स्कूटीवर आल्या होत्या. तेव्हापासून महिलांना आम्ही पाच महिन्यांनी बोलावतो.

उन्हाचं वेगळं सांगायला हवं, कारण खान्देशातलं ऊन इतरांसारखं नाही. एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ वर जातो, आणि नेमकं त्याच काळात रक्ताची टंचाई असते: कॉलेजं बंद, गावोगावी लग्नं, सुट्टीला गेलेली माणसं. २६ जानेवारीच्या शिबिराचा मेमध्ये काहीच उपयोग नाही. मोठं शिबिर मेमध्ये घ्यावं म्हणाल तर दीड-दोनशे माणसं दुपारी एकपर्यंत मंडपात बसवणं मला धोक्याचं वाटतं. एका वर्षी अकरानंतर तीन पोरं चक्कर येऊन पडली होती. पंचवीस जणांचं शिबिर आम्ही सातला सुरू करतो आणि साडेनऊला आवरतो. गाडी उन्हं तापायच्या आत परतीला लागते, पिशव्यांच्या दृष्टीनेही ते बरं.

आणखी एक फरक मला छोटी शिबिरं सुरू केल्यावरच कळला. प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी, पाचच दिवस टिकतात. पावसाळ्यानंतर डेंग्यूची साथ आली की पेढीला त्याच आठवड्यात ताजं रक्त लागतं, जानेवारीत कितीही दिलेलं असो. सातपुड्याच्या पट्ट्यातले सिकलसेलचे रुग्ण आणि थॅलेसेमियाची मुलं यांचंही तसंच. थॅलेसेमियाच्या मुलाला दोन-चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं, आणि ते जन्मभर. त्याच्या आईला वर्षातून एकदा आलेल्या पुराचा काय उपयोग, तिला नळाला रोज थोडं पाणी हवं.

तरी मी पारोळ्याच्या मित्राला सरसकट छोटंच घे असं सांगितलं नाही. त्याच्या क्लबकडे दात्यांची यादीच नाही. शून्यातून दर महिन्याला पंचवीस माणसं जमवायला गेला तर दुसऱ्याच महिन्यात पेढीची गाडी अर्धी रिकामी परत जाईल आणि तिसऱ्यांदा ते येणार नाहीत. ज्याच्याकडे शंभर-दीडशे जणांची, रक्तगटासकट आणि फोन लागणारी यादी नाही, त्याने पहिलं वर्ष मोठंच शिबिर घ्यावं असं मला वाटतं. मात्र निगेटिव्ह गटाच्या माणसांना त्या दिवशी खुर्चीवर बसवू नका. त्यांचं नाव, नंबर घ्या, चहा द्या आणि घरी पाठवा. पेढीवाल्यांना हे आधी सांगून ठेवा, त्यांनाही पटतं. आमच्या वहीतली निगेटिव्ह नावं आता कुठल्याच गटात नाहीत, त्यांना फक्त फोन आल्यावर बोलावतो.

यादी असेल तर मात्र माझा कल तुम्हाला कळलाच असेल. वर्षाची बेरीज करायचीच तर गेल्या वर्षी आमच्या अकरा शिबिरांच्या मिळून २६८ पिशव्या झाल्या. २१७ च्या मानाने फार मोठी उडी नाही. पण गेल्या नोव्हेंबरात रात्री ओ पॉझिटिव्हसाठी फोन आला, तेव्हा तिसऱ्या गटातल्या पहिल्याच माणसाने "निघतो" म्हणून सांगितलं.

१४ जूनला जागतिक रक्तदाता दिन आहे. त्या दिवशी आम्ही थोडं मोठं, साठेक जणांचं शिबिर घेतोय, कॉलेजच्या नव्या पोरांसाठी. फॉर्म छापायला दिले आहेत. रक्तगटाच्या शेजारी एक रकाना वाढवला आहे: पुढच्या वेळी कोणत्या महिन्यात बोलावू?