९४.९७ डॉलर मोजून घेतलेली कायमची दुपार

आधीच सांगतो, मी नवखा नाही. गाड्यांवर बंदुका चढवून एकमेकांना उडवायचे खेळ मी १९९५ च्या 'ट्विस्टेड मेटल'पासून खेळतोय. त्यामुळे 'नीट बघून घ्यायचं ना' म्हणणाऱ्यांनी पुढचं वाचावं आणि मग बोलावं.

आता घेतला तो असाच एक नवा खेळ, जाहिरातीत 'डायनॅमिक', म्हणजे बदलतं, हवामान आणि 'अखंड दिवस-रात्र' मिरवणारा. हिशेब असा. मूळ खेळ ५९.९९ डॉलर. त्यावर वेगळा विकत घ्यायचा 'वादळ पास' २४.९९. धुक्यातल्या दिव्यांचा पॅक ९.९९. एकूण ९४.९७. तेही अर्ली ॲक्सेसमध्ये, म्हणजे अर्धवट मालाला पूर्ण पैसे. ही तऱ्हा तुम्हाला ठाऊक आहेच: आधी ट्रेलर, मग 'संस्थापक सदस्य' म्हणून गोंजारणं, मग उलटी मोजणी करणारं घड्याळ.

मला कशाने ओढलं तेही सांगतो. जाहिरातीतलं एक वाक्य होतं: धुक्यात दिवे लावाल तर रस्ता दिसेल, पण शत्रूलाही तुम्ही दिसाल. गाड्यांच्या लढाईत हवामान हवं ते यासाठीच. चित्र छान दिसावं म्हणून नव्हे. पाऊस आला की टायरची पकड सुटली पाहिजे, ब्रेक मारल्यावर गाडी पुढे घसरत गेली पाहिजे, अंधारात दिवे बंद करून दबा धरता आला पाहिजे. २०१५ च्या 'मॅड मॅक्स'मध्ये वाळूचं वादळ आलं की लोक खरोखर आसरा शोधत पळायचे, विजा पडायच्या, उडत आलेला पत्रा जीव घ्यायचा. म्हणजे हे करता येतं. मी चंद्र मागत नव्हतो.

आता ती जागा, जिथे माझे डोळे उघडायला हवे होते. ट्रेलर ४ मिनिटं १० सेकंदांचा. १ मिनिट ५२ व्या सेकंदाला सूर्य पाण्याच्या टाकीमागे उतरतो, सगळं आभाळ नारिंगी होतं, आणि ट्रकची सावली? ती चाकांखाली चिकटलेली. इवलीशी. भर दुपारी बाराची. सूर्य खाली गेला की सावली लांब पडते हे पोरासोरांनाही कळतं. मला दिसलं. मी तिथे थांबलो, मागे नेऊन पुन्हा बघितलं, आणि स्वतःलाच म्हणालो, 'जुनं बिल्ड असेल, खेळाची आधीची आवृत्ती.' मीच! कोणी दुसऱ्याने नाही!

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: नकाशावरच्या सावल्या आधीच मोजून, जमिनीच्या चित्रात बेक करून ठेवल्या की खेळ हलका चालतो, पण मग सूर्य हलवायची सोय राहत नाही. फार तर मागचं आभाळाचं चित्र बदलता येतं. तेच केलं होतं. ट्रेलरमध्ये बोगद्यातही पाऊस पडत होता. वर काँक्रीटचं छत आणि बॉनेटवर सरी! पाऊस कॅमेऱ्याला बांधलेला असला आणि वर छप्पर आहे का हे कोणी तपासलंच नाही, की असं होतं. ट्रेलर बघताना आधी बोगदा शोधा. स्फोट नंतर बघा.

खेळ सुरू केला. कोपऱ्यात घड्याळ पळतंय, ऊन जागचं हलत नाही. पडद्यावर सूचना: 'पहिली संध्याकाळ प्रशिक्षण पूर्ण झाल्यावर.' यात मला वावगं वाटलं नाही. 'माइनक्राफ्ट'चा दिवस २० मिनिटांचा, 'जीटीए ५'चा ४८ मिनिटांचा; यांचा थोडा मोठा असेल, असं धरून चाललो. प्रशिक्षण संपायला लागले २ तास ६ मिनिटं. आणि ज्या ऑनलाइन दुकानातून खेळ घेतला, त्याचा पैसे परत करायचा नियम काय? १४ दिवसांच्या आत, आणि खेळण्याची वेळ २ तासांपेक्षा कमी. पुढचं तुमचं तुम्ही समजा. कुठल्याही खेळात 'ते नंतर उघडेल' असं दिसलं की १ तास ४५ मिनिटांना बाहेर पडा. गजर लावा.

मग ती रात्र आली. म्हणजे आभाळाची चार चित्रं: दुपार, संध्याकाळ, रात्र, पाऊस. मॅच सुरू होताना त्यातलं एक निघतं आणि शेवटपर्यंत तेच राहतं. पावसात काचेवर थेंब, टायर मात्र कोरड्या रस्त्यासारखे पक्के. रात्र म्हणजे सगळ्यावर निळा रंग. मी माझे ९.९९ चे दिवे लावले. दिवे पेटले, झकास पिवळे. पुढच्या रस्त्यावर मात्र एक कवडसा नाही. भिंतीला नाक लावून उभा राहिलो तरी भिंत काळीच. दिव्याच्या काचेला चमकता रंग फासला होता, आत प्रकाश नव्हताच.

यापुढचा संताप वेगळाच. स्टुडिओचं उत्तर: 'डायनॅमिक म्हणजे दर मॅचला बदलणारं.' मग 'अखंड दिवस-रात्र'चं काय, विचारलं तर तिकीट, म्हणजे माझी तक्रारच, बंद. दुकानाकडे गेलो, तर वेळ ओलांडली. म्हटलं, दोष दाखवतो. पुरावा मागितला. पुरावा रेकॉर्ड करायचा तर खेळ उघडावा लागतो! तो उघडून १७ स्क्रीनशॉट आणि तीन व्हिडिओ घेतले, पाठवले, आणि उत्तर आलं: 'आपण हा खेळ ५ तास १२ मिनिटं खेळला आहे.' अहो, तुम्हीच सांगितलंत म्हणून! दर वेळी नवा माणूस, दर वेळी पहिल्यापासून गोष्ट. दिव्यांचा पॅक वेगळा परत करू म्हटलं तर 'वापरला गेला आहे'. वापरला? उजेड तरी पडला का त्याचा?

कार्डवाल्या बँकेत तर भलतीच गंमत. 'वस्तू मिळाली ना?' मिळाली. 'चालू होते ना?' होते. 'मग तक्रार कशाची?' सावलीची, असं मी म्हणालो आणि पलीकडे शांतता. विक्रेत्याचा लेखी नकार आणा म्हणाले. विक्रेता लेखी काही देत नाही, नुसतं तिकीट बंद करतो. ग्राहक तक्रारीच्या फॉर्मवर विमा होता, फ्रीज होता, प्रवास होता. मी 'इतर' निवडलं. त्यालाही आता २३ दिवस झाले.

आणि हो, ट्रेलर डाउनलोड करून ठेवा, पैसे देण्याआधी. यांनी तक्रारींनंतर जाहिरातीतला 'अखंड' शब्दच काढला. माझ्याकडे जुन्या पानाचा फोटो होता म्हणून निदान बोलता येतंय. पास आणि पॅक पहिल्या दिवशी घेऊच नका. मूळ खेळात रात्र पडली नाही तर दिवे काय चाटायचेत?

तक्रार निकाली निघेपर्यंत खेळ काढून टाकू नका, असं बँकेने सांगितलंय. ६१ जीबी अडवून बसलाय. काल तपासणीसाठी पुन्हा उघडला: घड्याळात रात्रीचे १२ वाजून १० मिनिटं, डोक्यावर रणरणतं ऊन, आणि मेनूत नवीन ओळ, 'ग्रहण पॅक, १४.९९'.