मार्लेश्वरच्या पायथ्याचा घरगुती मुक्काम

ऑगस्टमध्ये मी आणि माझी कॉलेजपासूनची मैत्रीण चार दिवस कोकणात फिरत होतो. गणपतीपुळ्याहून देवरुखला आलो. तिथल्या स्टँडवरच्या चहावाल्याने नंबर दिला म्हणून मारळच्या बाजूला, मार्लेश्वरच्या गुहेतल्या शंकराच्या देवळाच्या पायथ्याशी, एका घरी उतरलो. दोन वेळचं जेवण, चहा-नाश्ता धरून माणशी बाराशे रुपये. देवळाजवळच्या धारेश्वर धबधब्यापर्यंत सोबत हवी असेल तर घरचे काका तीनशे वेगळे घेतात. त्या तीनशेवरून मी घासाघीस केली होती. पायऱ्या बांधलेल्या, वाट ठरलेली, मग माणूस कशाला?

साडेतीनला निघालो. पायऱ्या पाचशेच्या वर आहेत, शेवाळलेल्या, सावकाश चढाव्या लागतात. आधी गुहेत देवदर्शन केलं. आत समईचा उजेड, बाहेरच्या एवढ्या आवाजानंतर तिथे कान एकदम शांत होतात. दोघी बराच वेळ नुसत्या बसून राहिलो.

मग धबधब्याकडे. पाणी स्वच्छ होतं, आमच्यावर पाऊसही नव्हता. मैत्रीण चपला काढून प्रवाहात पाय टाकणार, तेवढ्यात काका म्हणाले, "ताई, नको. वायच थांबा." त्यांनी पाण्याच्या कडेला, जेमतेम ओल्या खडकावर मुठीएवढा दगड ठेवला आणि आम्हाला मागे वरच्या कातळावर बसवलं. मला काहीच वेगळं दिसत नव्हतं. त्यांनी बोटाने दाखवलं तेव्हा कळलं: पाण्यावरून पाचोळा येत होता, थोडा थोडा, मधेच एखादी हिरवी काटकी. दहा मिनिटांत पाणी चहासारखं झालं आणि तो दगड दिसेनासा झाला. पाऊस वर घाटमाथ्यावर पडला होता. खाली कोरडं असलं तरी वरचं पाणी थोड्या वेळाने उतरतंच, आणि अरुंद घळीत ते भराभर चढतं. मैत्रीण माझा हात धरून बसली होती, तो तिने पायऱ्या लागेपर्यंत सोडला नाही.

उजेड असतानाच त्यांनी आम्हाला खाली आणलं. पायाला दोन जळवा लागल्या होत्या. काकांच्या खिशात तंबाखूची पुरचुंडी होतीच.

जेवण: तांदळाची गरम भाकरी, कुळथाची पिठी, टाकळ्याची भाजी, सोलकढी. टाकळ्याची भाजी काकूंनी कांदा आणि ओलं खोबरं घालून केली होती, मी तीनदा मागून घेतली.

उणं काय, तर खोली दमट आहे, कपडे वाळत नाहीत. संडास घराच्या मागे, रात्री छत्री घेऊन जावं लागतं. मोबाइलला रेंज नाही, त्यामुळे घरी आधीच कळवून ठेवा. म्हातारी माणसं सोबत असतील तर मी देवरुखातच राहायला सांगेन. बाकी कुणीही असो, पावसाळ्यात धारेश्वरला जाताना काकांना सोबत घ्याच.

निघताना तीनशेच्या जागी पाचशे दिले, तर त्यांनी दोनशे परत हातावर ठेवले. मकरसंक्रांतीला मार्लेश्वराचं साखरप्याच्या गिरिजादेवीशी लग्न लागतं, तेव्हा इथे मोठी जत्रा असते. त्या दिवसांसाठी तीच खोली आम्ही आत्ताच सांगून ठेवली आहे.