घरविक्रीचा डेटा कुठून घ्यावा: पोर्टल, एजंटांची यादी की सरकारी नोंद?

घरांच्या किमती ऑनलाइन शोधायला निघालं की आधी पोर्टलच समोर येतं. नकाशा, फोटो, हवे तसे फिल्टर. वाटतं, सगळं इथेच आहे. पण पोर्टलवरचा आकडा म्हणजे विकणाऱ्याची अपेक्षा. घासाघीस होऊन सौदा कितीला ठरला, ते त्यात नसतं. म्हणून आधी ठरवा: आज काय विकायला आहे ते हवंय, की घरं प्रत्यक्षात कितीला जातात ते?

पहिल्या प्रश्नाला पोर्टल चांगलं. ताजेपणात त्याला तोड नाही. मात्र जाहिराती मोजून घरं मोजली असं समजू नका. एकच घर दोन-तीन एजंट टाकतात, विकलेलं घर तसंच दिसत राहतं, आणि जुनी जाहिरात काढून पुन्हा टाकली की ती 'नवीन' होते. शिवाय एकेका घराचा कच्चा डेटा घाऊक मिळणं अवघड. झिलो या अमेरिकी पोर्टलने सर्वांसाठी खुले असलेले जुने एपीआय (प्रोग्रामने थेट डेटा मागवण्याचे मार्ग) 2021 मध्ये बंद केले. झिलो आणि तिथलंच दुसरं पोर्टल रेडफिन भागवार सरासरीच्या मालिका मात्र फुकट देतात. कल बघायला त्या पुरतात. पानं खरवडून डेटा काढायचा विचार असेल तर सोडा: अटींमध्ये सहसा मनाई असते, फोटोंवर कॉपीराइट असतो आणि युरोपीय संघात 1996 च्या निर्देशाने डेटाबेसलाच वेगळं कायदेशीर संरक्षण आहे.

एजंटांची सामाईक यादी, म्हणजे अमेरिका-कॅनडातली एमएलएस, ही सगळ्यात श्रीमंत. मागितलेला भाव, मध्ये केलेली कपात, बाजारात काढलेले दिवस आणि शेवटची विक्री किंमत, सारं एकाच नोंदीत. पण ही यादी एजंटांच्या संस्थांच्या ताब्यात असते आणि त्या ती सहजासहजी सोडत नाहीत. इंटरनेटवर धंदा करणाऱ्या ब्रोकरांना यादी दाखवण्यापासून रोखणाऱ्या नियमांवरून अमेरिकेच्या न्याय खात्याने 2005 मध्ये रिअल्टरांच्या (घरविक्री एजंटांच्या) राष्ट्रीय संघटनेवर खटला भरला. 2008 मध्ये तडजोड झाली. टोरांटोत विकलेल्या घरांच्या किमती ऑनलाइन दाखवण्यावरून 2011 मध्ये सुरू झालेलं भांडण 2018 मध्ये, कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने तिथल्या एजंटांच्या मंडळाचं अपील ऐकायला नकार दिल्यावर मिटलं. त्यानंतरही त्या किमती बघायला लॉगिन लागतंच. 'खुला डेटा' या शब्दाची इथे एवढीच झेप! तरी काही ठिकाणी दुसरा इलाज नसतो. टेक्सासमध्ये विक्री किंमत सरकारला कळवण्याची सक्ती नाही, त्यामुळे खऱ्या किमतींसाठी तिथे मुख्यतः एमएलएसवरच भिस्त.

आता सरकारी नोंद. माझा कल उघडपणे इकडे आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये जानेवारी 1995 पासूनच्या निवासी विक्रीच्या किमती लँड रजिस्ट्री हे सरकारी नोंदणी खातं फुकट सीएसव्हीत (साध्या तक्त्याच्या फाइलमध्ये) देतं, दर महिन्याला भर घालतं. फ्रान्सने 2019 मध्ये गेल्या पाच वर्षांचे व्यवहार खुले केले. अल्सास, मोझेल आणि मायोत एवढे भाग त्यात नाहीत. इथला भाव म्हणजे नोंदलेला सौदा, कुणाची इच्छा नव्हे.

फुकट आहे म्हणून तयार आहे असं मात्र नाही. नोंद उशिरा येते. इंग्लंडमध्ये आठवडे-महिने जातात, फ्रान्समध्ये अद्ययावत करणं वर्षातून दोनदाच. ब्रिटिश डेटात क्षेत्रफळ नाही, खोल्यांची संख्याही नाही. क्षेत्रफळासाठी घरांच्या ऊर्जा प्रमाणपत्रांची सार्वजनिक नोंद पत्त्यावरून जोडावी लागते, आणि पत्ते लिहिण्याच्या तऱ्हा पाहिल्या की हे काम किती किचकट ते कळतं. फ्रेंच डेटात क्षेत्रफळ आणि खोल्या आहेत, पण एका सौद्यात फ्लॅट, तळघर आणि पार्किंग असेल तर पूर्ण किंमत प्रत्येक ओळीत पुन्हा येते. सरळ बेरीज केलीत तर भाव दुप्पट-तिप्पट फुगेल. घराची अवस्था तर दोन्हींकडे कळत नाही: मोडकळीला आलेलं आणि नुकतंच सजवलेलं घर शेजारी-शेजारी सारखंच दिसतं.

स्वतःसाठी घर घेणाऱ्याने घर पोर्टलवर शोधावं आणि भावाला उत्तर देताना नोंदीतल्या शेजारच्या विक्रीवर बोट ठेवावं. अभ्यासासाठी, प्रकल्पासाठी डेटा हवा असेल तर थेट नोंद. घर बाजारात किती दिवस राहतं हा मुद्दा असेल तरच रेडफिनच्या मालिका जोडीला घ्या. अमेरिकेत ॲप किंवा सेवा उभी करणाऱ्याला मात्र एमएलएस टळत नाही. तिथे अशा शेकडो याद्या आहेत. या याद्यांसाठी सामाईक मानक ठरवणाऱ्या रेसो संस्थेमुळे रकान्यांची नावं बरीच सारखी झाली, करार मात्र प्रत्येक यादीशी वेगळा, आणि बहुधा परवानाधारक ब्रोकर सोबत लागतो. एकाच शहराच्या यादीपासून सुरुवात करा. विकलेल्या घरांची नोंद तुमच्याकडे साठवता येईल का आणि किती काळ, हे कलम कोड लिहिण्याआधी वाचा.