झोन ऑफेन्सच्या व्हिडिओ कोर्सला पैसे भरण्याआधी हे वाचा

सांगलीत विश्रामबागला मी १७ वर्षांखालच्या मुलींची बास्केटबॉल टीम घेतो. गेल्या वर्षी जिल्हा जिंकून कोल्हापूर विभागाला गेलो आणि पहिल्याच मॅचला समोरच्यांनी २-३ झोन लावला, म्हणजे एकेक खेळाडू न धरता आपापली जागा अडवायची, पुढं दोघी, बास्केटच्या बाजूला तिघी. आमच्या पोरी नुसत्या बाहेरनं बॉल फिरवत राहिल्या, आत शिरायला वाटच सापडेना, लांबनं मारलेले शॉट काही पडले नाहीत आणि मॅच गेली. तेव्हापासून डोक्यात एकच होतं, हा झोन फोडायचा कसा.

अशात मोबाईलवर जाहिरात दिसली. झोन ऑफेन्सचा, म्हणजे झोन फोडायच्या चालींचा संपूर्ण कोर्स, ४१ व्हिडिओ, मूळ किंमत १२,००० पण आज रात्री बारापर्यंत फक्त २,९९९. सोबत दोन मिनिटांचं सॅम्पल होतं आणि खरं सांगतो, ते सॅम्पल चांगलं होतं, कोच मध्येच खेळ थांबवतोय, पोरांना हाताला धरून जागेवर नेतोय, पुन्हा खेळवतोय. ते बघूनच माझा विश्वास बसला. पालकांनी शंभर-दोनशे करून टीमसाठी दिलेल्या पैशातनं मी यूपीआय केलं, व्हॉट्सॲपवर ड्राइव्हची लिंक आली.

उघडून बघतोय तर सॅम्पलमधला तो कोच कुठंच नाही. ४१ व्हिडिओंतले बरेचसे तेच ते, नाव बदलून दोनदा-तीनदा टाकलेले. वरनं हिंदीत कुणीतरी कागद वाचल्यासारखं बोलतंय, चित्रात बॉल डावीकडं असताना हा उजवीकडचं सांगतोय. कोपऱ्यात एक धुरकट चौकोन, त्याच्या कडेनं मूळ नावाची दोन इंग्रजी अक्षरं बाहेर डोकावतायत. मग मी नीट बघायला लागलो. एका व्हिडिओत बास्केटखालची ‘डी’ समलंब चौकोनी, खाली रुंद वर अरुंद. फिबानं, म्हणजे बास्केटबॉलच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं, ती २०१० ला बदलून सरळ आयताकृती केली आणि थ्री पॉइंटची रेघ पण तेव्हाच ६.२५ वरनं ६.७५ मीटरवर नेली. आमच्या ग्राउंडवर जुना पट्टा खोडून नवीन मीच मारून घेतलाय, त्यामुळं व्हिडिओ त्याआधीचा आहे हे माझ्या लगेच लक्षात आलं. दुसऱ्या व्हिडिओत बोर्डावरच्या शॉट क्लॉकवर, म्हणजे बॉल मिळाल्यावर किती सेकंदांत शॉट मारायचा ते दाखवणाऱ्या घड्याळात, ३५ दिसतायत, म्हणजे अमेरिकन कॉलेजची मॅच, तिकडं २०१५ पर्यंत ३५ सेकंद होते. आपल्याला मिळतात २४. त्यातली चाल मी पोरींकडनं करून घेतली आणि स्वतः मोठ्यानं मोजलं, २४ झाले तरी बॉल तिसऱ्याच पासवर. हीच क्लिप नंतर मला यूट्यूबवर पूर्ण, फुकट सापडली.

माझी पॉइंट गार्ड, म्हणजे बॉल आणून चाल लावणारी पोरगी, माझ्या शेजारी बसून बघत होती, ती म्हणाली, "सर, ह्यात झोन कुठंय? हे तर मॅन टू मॅन खेळतायत." पोरगी बरोबर होती. स्क्रीन लावून, म्हणजे डिफेंडरच्या वाटेत आडवं उभं राहून, आपल्या माणसाला सोडवायच्या चाली होत्या त्या. झोनमधला डिफेंडर माणूस धरत नाही, जागा धरतो, त्याला स्क्रीन लावून फार काही हाती लागत नाही जोपर्यंत बॉल ह्या बाजूनं त्या बाजूला फिरवून सगळा झोन हलत नाही. जिथं खरंच झोन होता तिथं डिफेन्सवाले हात खाली सोडून खांबासारखे उभे. पास गेला तरी कुणी सरकत नाही, त्यांच्यापुढं काहीही चालेल हो.

म्हणून तुम्ही असलं काही विकत घेणार असाल तर आधी डिफेन्सकडं बघा, ऑफेन्सकडं नाही. २-३ झोनमध्ये फ्री थ्रोच्या रेघेवर हाय पोस्टला बॉल गेला की पुढच्या दोघी आत दबतात का, मागची मधली वर येते का, तिच्यामागं बेसलाइनवर शॉर्ट कॉर्नरला, म्हणजे ‘डी’ आणि कोपरा यांच्या मध्ये, उभी असलेली मोकळी होते का, एका बाजूनं दुसऱ्या बाजूला स्किप पास गेल्यावर कोण शॉट मारणारीवर धावून क्लोज-आउट करतं, हे दिसलं पाहिजे. त्यासाठी कॅमेरा उंचावर हवा, दहाही खेळाडू एकाच वेळी दिसायला हवेत, नुसत्या बॉलवर धरलेल्या कॅमेऱ्यातनं काही शिकता येत नाही. चुकलेले शॉट दाखवतात का तेही बघा. झोनमध्ये प्रत्येकीला बॉक्स आउट करायला, म्हणजे अंगानं अडवून बास्केटपासून लांब ठेवायला, ठरलेली खेळाडू नसते, त्यामुळं लांबच्या बाजूनं रिबाउंड, म्हणजे चुकून परत आलेला बॉल, मिळायची चांगली संधी असते, आणि ज्या व्हिडिओत प्रत्येक शॉट आत जातो तिथं रिबाउंड शिकवणार कधी? सॅम्पलमधला कोच पूर्ण कोर्समध्ये आहे का, हे पैसे द्यायच्या आधी लेखी विचारा. मी विचारलं नव्हतं.

पैसे परत मागितले तर "सर, डिजिटल प्रॉडक्टला रिफंड नसतो" एवढा एक मेसेज आला, दुसऱ्या दिवशी मला ब्लॉक केलं आणि लिंकपण बंद. स्क्रीनशॉट आणि यूपीआयचा व्यवहार क्रमांक होता म्हणून १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करून तक्रार नोंदवली, पण तोवर आठवडा गेला होता. तिथं जेवढ्या लवकर फोन कराल तेवढी पैसे वाटेत अडवायची शक्यता जास्त. ग्राहक हेल्पलाइन १९१५ ला पण कळवलंय. पैसे अजून आलेले नाहीत. पालकांना मीटिंग घेऊन सगळं जसंच्या तसं सांगितलं.

त्या कोर्सपायी आमचे तीन आठवडे गेले, त्याचं मला पैशापेक्षा जास्त लागलंय, कारण ह्यातल्या चार पोरींचं हे सतरा वर्षांखालचं शेवटचं वर्ष आहे. आता शाळेच्या गच्चीवरनं फोन लावून आमचीच प्रॅक्टिस शूट करतो, पाचजणींना झोन लावायला सांगतो आणि संध्याकाळी सगळ्या मिळून बघतो. परवा हाय पोस्टवरनं शॉर्ट कॉर्नरला पास गेला आणि मागची मधली डिफेंडर अर्धं पाऊल उशिरा वळली, ते गच्चीवरनं स्पष्ट दिसलं.