बेचाळिशीत लाईन बदलायची: डिप्लोमा की थेट जॉब कोच?

शिरोली एमआयडीसीत सोळा वर्षं क्वालिटीत काढली, आता दिव्यांग माणसांना नोकरीला लावायचं काम करायचंय. घरात म्हणतात, लई झालं डोक्यावर पडणं.

आरसीआय म्हणजे भारतीय पुनर्वास परिषद, तिच्या मान्यतेचा स्पेशल एज्युकेशनचा डिप्लोमा म्हणजे दोन वर्षं फुलटाईम, म्हणजे पगार बंद. पण नाव परिषदेच्या रजिस्टरला लागतं, स्पेशल शाळेत ते लागतंच. फक्त त्यात भर लहान मुलांना शिकवण्यावर, आणि मला तर मोठी माणसं शॉपफ्लोअरवर उभी करायचीत.

दुसरं म्हणजे एखाद्या संस्थेत कमी पगारावर जॉब कोच व्हायचं, म्हणजे दिव्यांग माणसाबरोबर कामाच्या जागी बसून त्याला काम जमवून द्यायचं. गेल्या महिन्यात एका कोचबरोबर चार दिवस बसलो, बौद्धिक अक्षमता असलेला पोरगा, नटबोल्ट पॅकिंगला, दहा मोजताना चुकायचा, मग आम्ही दहा खाचांचा ट्रे केला, खाचा भरल्या की पिशवीत, मोजायचं कामच नाही. हे मला क्वालिटीमुळं सुचलं भावा! २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातलं ४ टक्के आरक्षण सरकारी नोकरीपुरतं, खाजगीत मालकाला असंच पटवावं लागतं.

सध्या तरी मी कोचकडं झुकलोय. ईएमआय दोन वर्षं थांबत नाय.