नार्कोटिक्स ॲनॉनिमसची खुली सभा : एक अभिप्राय

नात्यातल्या एका मुलासाठी चौकशी करताना मी नार्कोटिक्स ॲनॉनिमस या, नशेचे व्यसन सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्यासाठी चालवलेल्या संघटनेच्या पुण्यातील खुल्या सभेला जाऊन आलो. १९५३ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झालेली आणि आज शंभराहून अधिक देशांत पसरलेली ही संघटना कोणाकडूनही शुल्क घेत नाही, आणि व्यसन सोडण्याची इच्छा एवढीच तिच्या सदस्यत्वाची अट आहे. खुल्या सभेला नातेवाईकही बसू शकतात, मात्र तिथे ऐकलेले आणि पाहिलेले बाहेर न्यायचे नाही. म्हणून कोण काय बोलले ते मी लिहीत नाही.

नवागताला पांढरी किचेन देतात आणि व्यसनाविना तीस दिवस काढणाऱ्याला नारिंगी. प्लास्टिकच्या त्या क्षुल्लक वस्तूसाठी जो टाळ्यांचा कडकडाट होतो, तो मी लग्नसमारंभातही क्वचितच ऐकला आहे. वर्गणीची पिशवी फिरली तेव्हा मी खिशात हात घातला, पण ती मला ओलांडून पुढे गेली, कारण सदस्यांखेरीज कोणाचेही पैसे न स्वीकारण्याचा त्यांचा दंडक जगभर सारखाच आहे.

खोली मात्र फार कोंदट होती आणि जिन्यात दिवा नव्हता. शिवाय ही सभा म्हणजे उपचार नव्हेत: अंगातून नशा उतरताना होणारा त्रास डॉक्टरांच्या देखरेखीखालीच निभावावा लागतो, आणि त्यासाठी १९८६ पासून कार्यरत असलेल्या मुक्तांगणसारखे व्यसनमुक्ती केंद्र गाठावे किंवा १४४४६ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर विचारावे. पुढच्या सभेला मुलगा स्वतः येणार आहे.