कोकणात सायकलने उतरायचंय: गगनबावडा, दाजीपूर की आंबोली?

पहिल्यांदाच पॅनियर (सायकलच्या कॅरिअरला अडकवायच्या सामानाच्या पिशव्या) लावून निघणारा कुणी विचारतो, 'कुठल्या घाटानं उतरू?' मी उलट विचारतो, जंगल किती वेळ सोबत हवंय? कोल्हापूरहून निघणाऱ्या या तिन्ही वाटांवर घाट आहेच. खरा फरक पडतो तो घाटाच्या आधी.

अरबी समुद्राकडून आलेले ढग सह्याद्रीला अडतात आणि अगदी काठावरच रिते होतात. कोल्हापूर शहरात पडतो त्याच्या कितीतरी पट पाऊस गगनबावड्यात पडतो, तो यामुळेच. म्हणून सदाहरित झाडीसुद्धा काठालगतच्या पट्ट्यातच आहे. हा पट्टा ओलांडायला प्रत्येक वाटेवर वेगळा वेळ लागतो.

गगनबावडा सगळ्यांत जवळ, सुमारे 55 किलोमीटर. फुलेवाडी, बालिंगा, कळे करत सकाळच्या गारव्यात निवांत पोहोचता येतं आणि चढही अंगावर येत नाही. पण जवळजवळ शेवटपर्यंत दोन्ही बाजूंना ऊस. झाडी दिसायला लागते तोवर घाट आलेला असतो. पुढे दोन वाटा फुटतात. करूळ घाट 2024 च्या जानेवारीपासून वर्षभराहून जास्त काळ कामासाठी बंद होता. तो आता रुंद झालाय, पण तिथं अवजड गाड्याही असतात. भुईबावडा अरुंद आणि वळणांचा. माझा कल तिकडेच, फक्त भर पावसात दरडी येतात तेव्हा नाही. जुलैमध्ये मांडुकलीजवळ रस्त्यावर पाणी आलं की हा सगळा बेतच रद्द होतो. एकाच दिवसाची सुट्टी असेल, तर मात्र हीच वाट.

दाजीपूरबद्दल मला जास्त बोलायचंय. राधानगरीपर्यंतचा रस्ता नेहमीसारखाच, ऊस आणि कारखान्याकडे जाणाऱ्या जोड-ट्रॉल्या. हंगामात या ट्रॉल्यांना ओव्हरटेक करायच्या फंदात पडू नका. त्या शेपटासारख्या हलतात. पण शाहू महाराजांनी बांधायला घेतलेलं धरण मागे पडलं, की ऊस सुटतो आणि जलाशयाच्या कडेनं झाडी सुरू होते. अंजनी, जांभूळ, हिरडा. सावलीत शिरताच हवा थंड लागते, ओल्या पाचोळ्याचा वास येतो. हे सगळं घाटाच्या तोंडापर्यंत सोबत राहतं. एकेकाळी संस्थानाचं शिकारीचं रान असलेलं हे जंगल 1958 मध्ये अभयारण्य झालं. आज त्याचं क्षेत्र 351 चौरस किलोमीटर आहे, आणि 2012 पासून ते जागतिक वारशात आहे.

इथं गवा रस्त्यावर येतो. दिसला की लांबच थांबा, घंटी वाजवू नका, त्याला जाऊ द्या. एकट्या गव्यापासून तर जास्तच अंतर ठेवा. ऊन कलल्यावर या पट्ट्यात सायकल चालवायचीच नाही. दाजीपूर किंवा राधानगरीत मुक्काम करा आणि सकाळी ट्रक वाढायच्या आत फोंडा घाट उतरा. सामानासह उतरताना ब्रेक सतत दाबून धरू नका, रिम तापते. वळणाआधी वेग मोडा, मग सोडा, पुढचा-मागचा आलटून पालटून.

आंबोली लांब आहे. निपाणी, आजरामार्गे जवळपास 120 किलोमीटर, आणि तिथून सावंतवाडी आणखी 30 च्या आसपास. पण राज्यातल्या सर्वाधिक पावसाच्या गावांपैकी हे एक, आणि जंगलात ते जाणवतं: शेवाळ, धुकं, जळवा. इथला एक छोटा टोड (बेडकाचा एक प्रकार) जगात फक्त याच परिसरात सापडतो. हिरण्यकेशीच्या उगमाजवळ सापडलेल्या माशाचं नाव नदीवरूनच ठेवलंय, आणि 2021 मध्ये ती जागा जैवविविधता वारसा स्थळ झाली. हे शांतपणे पाहायचं तर दोन मुक्काम हवेत. पावसाळ्यातला शनिवार-रविवार टाळा, धबधब्यापाशी गाड्यांची रांग लागते. आजऱ्यापुढचा रस्ता रुंद झाल्यापासून गाड्या वेगात येतात, त्यामुळे मागचा लाल दिवा दिवसाही चालू ठेवा.

पहिली सफर असेल तर मी दाजीपूरच सांगेन, ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये. ओढे अजून वाहत असतात, रस्ता सुकलेला असतो. परतीचं आधीच ठरवा: कोकण रेल्वेनं थेट कोल्हापूरला येता येत नाही. कणकवलीहून एसटीनं यायचं असेल, तर आदल्या दिवशी स्टँडवर जाऊन सायकल घेतील का ते विचारा. नाहीतर तोच घाट चढायचा. त्यासाठी सगळ्यात हलका गिअर घरूनच तपासून निघा.